कूलरच्या पंपाचं काळीज

जगातली कोणतीही जिवंत गोष्ट रबर, नळी आणि पाणी यांत बसवता येते असं मानणारा माणूस औंढ्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. शाळेत हे सर विज्ञान शिकवत, मी गणित. फुग्यांची फुप्फुसं, सलाईनच्या नळ्यांचं मूत्रपिंड, असं काहीबाही त्यांच्या ओसरीवर सदैव गळत असे. मी म्हणायचो, एवढा पसारा कशाला, रक्ताचा प्रवाह समीकरणात मांडला की झालं. ते हसायचे. "तुमचं बराबर हाय, सर. पण कागदाला हात लावून हाताला काही लागत न्हाई ना!"

त्यांचा खरा जीव हृदयावर. सायकलच्या ट्यूबचे कप्पे, त्यात रबराच्या झडपा, आणि पाणी खेळवायला घरच्या कूलरचा पंप. ऐन मे महिन्यात सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, पदरानं वारा घेत बसायच्या. "लोकाचं कूलर हवा देतं, आमचं रक्त देतं," म्हणायच्या. मी एकदा खोडी काढली, की हृदय धडधडतं, तुमचं नुसतं वाहतं. सर बरेच दिवस फुगून होते.

मग वहिनींनाच धाप लागायला लागली. झडप बदलावी लागेल, असं औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनमध्ये काळीज थोडा वेळ बंद करतात हे कानावर आल्यापासून वहिनी हटूनच बसल्या. सरांनी त्यांना मॉडेलसमोर बसवलं, मलाही बोलावलं. फाटक्या झडपेतून पाणी मागे कसं येतं आणि नवी लावल्यावर कसं थांबतं, ते दाखवलं. वहिनी पहिल्यांदाच लक्ष देऊन बघत होत्या. तेवढ्यात लाइट गेली. लोडशेडिंगचे दिवस ते. पंप बंद पडला, पाणी थांबलं.

"माझं असंच बंद राहिलं तर?" वहिनी हळूच म्हणाल्या.

माझ्या समीकरणात लाइट कधी जात नसे. सरांनी दोन्ही हातांत ट्यूब धरली आणि दाबायला लागले. दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. पाणी हललं, झडपा फटफट वाजू लागल्या. लाइट यायचं नाव घेईना आणि सर घामानं निथळत दाबतच राहिले. ते हृदय आज पहिल्यांदा धडधडत होतं.

शेवटी वहिनींनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या आता, हात दुखतील. औरंगाबादला कधी जायचं?"

वहिनी बऱ्या होऊन आल्या. पंप कूलरमध्ये परत गेला, ओसरी कोरडी झाली. मलाच करमेना. एकदा विचारलं, "सर, काहून सोडलं सगळं?"

आत वहिनी भांडी लावत कुणावर तरी ओरडत होत्या. सरांनी तिकडे मान वळवली.

"खरं चालू हाय ना आत," ते म्हणाले. "तेच ऐकत बसतो."