'चंद्रोदय'ची वरची खोली

काकांच्या शेजारच्या सकीनाभाभींचा फोन आला तेव्हा मी पनवेलला एका चालू बांधकामाच्या तिसऱ्या मजल्यावर उभी होते. फोनवर त्यांचं नाव दिसलं आणि हातातला नकाशा खाली पडला. गेली चार वर्षं मी याच फोनला घाबरून होते. "पोरी, दत्तारामभाऊ गेले..." एवढंच त्या बोलल्या, आणि मी विचारलं, "छप्पर पडलं का?"  मग त्या म्हणाल्या, "नाय गं. घरातच. जेवून खुर्चीत बसलेले. मी भांडं परत द्यायला गेले तर..." मला आधी हायसं वाटलं. काका गेले, हे मनापर्यंत त्यानंतर पोचलं. त्या हायसं वाटण्याची लाज दीड महिन्यात जराही कमी झालेली नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

दत्ताराम गमरे हे माझे सख्खे काका. मुरुडहून आगरदांड्याकडे जाताना लागणाऱ्या आमच्या बाजाराच्या गावात 'चंद्रोदय टॉकीज' होती. तिथे काका एकतीस वर्षं मशीन चालवायचे. पोस्टर चिकटवायला म्हणून लागले आणि दोन वर्षांत ऑपरेटर झाले. गावातल्या देवळाच्या पायरीपाशी माझ्या आजोबांना थांबावं लागायचं. त्याच गावातला ब्राह्मण, मुसलमान, कोळी, आगरी असा सगळा बाजार संध्याकाळी खाली अंधारात बसायचा, आणि प्रवेशद्वाराच्या डोक्यावरच्या लहानशा खोलीतून काका त्यांच्यासाठी पडद्यावर उजेड सोडायचे. याबद्दल ते कधी मोठं काही बोलले नाहीत. एकदाच, मी कॉलेजात असताना म्हणाले होते, "बाय, वरच्या खोलीत मला कोन विचारत न्हवता, तू कोनाचा. रीळ तुटली तर तेवढे वराडायचे... ते सगल्यांनाच वराडतात."

त्यांच्या तोंडून हजार वेळा ऐकलेली एक हकीकत आहे. एका श्रावणात समुद्र खवळला आणि आगरदांड्याची लाँच दोन दिवस बंद राहिली. दिघीकडे जाणारी माणसं गावात अडकली, त्यात एक बाळंतीण होती. काकांनी टॉकीजच्या मालकांना, मोठ्या शेठना, घरी जाऊन गाठलं आणि टॉकीज उघडायला लावली. बायकांना बाल्कनीत, पुरुषांना खाली. पोरं रडायला लागली म्हणून त्यांनी आदल्या आठवड्यातलाच सिनेमा पुन्हा लावला, तोही तीन वेळा. "तिसऱ्यांदा कोन बघत न्हवता, पन मशीनचा आवाज चालू व्हता ना, तवर मानसं घाबरली न्हाईत," ते सांगायचे. ते बाळ आता माणगावला शिक्षक आहे. काकांच्या जलदानविधीला तो आला होता, आईला घेऊन.

पुढे रिळं गेली. सिनेमा उपग्रहावरून यायला लागला, आणि त्यासाठी लागणारं यंत्र बसवण्याची मोठ्या शेठची तयारी नव्हती. टॉकीजला कुलूप लागलं. शेठ वारले, त्यांचा नातू, धाकटा शेठ, मुंबईत. चावी मात्र काकांकडेच राहिली, कारण ती परत मागावी असं कुणाला सुचलंच नाही. मग रोज सकाळी दहाला काका जायचे, खिडक्या उघडायचे, मशीन पुसायचे, तेल द्यायचे, बाराला परत. चक्रीवादळात छपराचे पत्रे उडाले तरी त्यांचं जाणं थांबलं नाही. माझा व्यवसाय जुन्या इमारती तपासण्याचा. खाऱ्या हवेत लोखंडाचं काय होतं, ओल्या लाकडाचं काय होतं, हे मी रोज बघते. त्यामुळे रोज सव्वाबाराला माझा हात फोनकडे जायचा. त्यांनी उचलला तर दोन मिनिटं भाजीपाल्याचं बोलायचं. नाही उचलला तर सकीनाभाभींना लावायचा. त्या लगेच पदर खोचून थेट टॉकीजच्या दारापर्यंत जायच्या आणि तिथून ओरडायच्या, "भाऊ, पोरीचा फोन उचला!" किती वेळा त्यांना असं पळवलं असेल, मला आठवतही नाही.

दोन वर्षांपूर्वी धाकट्या शेठनी जागा विकायचं ठरवलं. तिथे पर्यटकांच्या गाड्यांसाठी वाहनतळ होणार होतं. काकांनी गावातल्या आठदहा माणसांना गोळा केलं. शाळांची गॅदरिंगं, लग्नं, भजनाच्या स्पर्धा, जयंतीचे कार्यक्रम... गावाला एक सभागृह हवंच होतं. शेठ वाईट माणूस नाही. तो म्हणाला, इमारत पक्की आहे असा तज्ज्ञाचा कागद आणा, मी वर्षभर थांबतो. काकांनी त्याच दुपारी मला फोन केला. इतकं खुश मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "तज्ज्ञ तर आपल्या घरातच हाय," ते म्हणाले.

मी दोन दिवस टॉकीज तपासली. काका मागे मागे, हातात पाण्याची बाटली. बाल्कनीच्या तुळयांना वाळवी लागलेली. पेचकस टोचला तर दांड्यापर्यंत आत गेला. छप्पर तोलणाऱ्या लोखंडी कैच्या गंजून कागदासारख्या झालेल्या. मागची भिंत बाहेरच्या बाजूला कललेली. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. शेवटी तेच म्हणाले, "जुनी हाय, पन मजबूत हाय. व्हय ना?"

"काका, मी असं लिहून देऊ शकत नाही."

"एक सही तर हाय, बाय."

"उद्या तिथे दोनशे मुलं बसवली आणि बाल्कनी खाली आली तर?"

 काका माझी बॅग उचलून एस.टी. स्टँडपर्यंत आले, खिडकीतून बॅग आत दिली आणि गाडी सुटायच्या आधीच वळून चालायला लागले. मी अहवाल लिहायला घेतला आणि तीन वेळा खोडला. पुढचे तीन आठवडे त्यांनी माझा फोन उचलला नाही. सकीनाभाभी मला रोज कळवायच्या, गेले, आले, जेवले. मी रागावलेही होते आणि जीव टांगणीलाही होता. माझ्या नकारानंतर हा माणूस हट्टाने त्याच बाल्कनीत जाऊन बसत असेल, असं सारखं डोळ्यांसमोर यायचं.

चौथ्या आठवड्यात त्यांचाच फोन आला. आवाज इतका बारीक होता की आधी ओळखू आला नाही. हरिहरेश्वरला निघालेलं एक जोडपं टॉकीज बघून थांबलं होतं, फोटो काढायला. काकांनी कौतुकाने आत नेलं, सगळं दाखवलं. बाल्कनीत ती मुलगी कठड्याकडे गेली आणि पायाखालची फळी मोडली. मांडीपर्यंत पाय आत. काकांनी आणि तिच्या नवऱ्याने काखेत हात घालून तिला ओढून काढलं. खरचटण्यावर निभावलं. ती दोघं हसत, आभार मानत निघूनही गेली. काका मात्र खालच्या पायरीवर बसून होते. ते म्हणाले, "एकतीस वर्सं माझ्या टॉकीजमदी कोनाला काय झाला न्हाई. आन आज मी सोताच त्या पोरीला वर नेली..."

मी म्हटलं, "काका, घरी जा आधी."

"जातो. पन आदी बाल्कनीच्या दाराला फल्या ठोकतो. आन तू खरा काय ता लिव. सगला लिव."

मी लिहिलं. छप्पर, बाल्कनी आणि मागची भिंत उतरवावी. पुढचा जांभ्याचा भाग, म्हणजे प्रवेशद्वार आणि त्यावरची ऑपरेटरची खोली, ठणठणीत आहे, तो राखता येईल. मागे नवं सभागृह बांधलं तर या खोलीसकट गावाची जुनी ओळख टिकेल. धाकट्या शेठनी महिनाभर विचार केला आणि अर्धी जागा गावाच्या संस्थेला द्यायचं कबूल केलं. कागदपत्रांत वर्ष गेलं आणि गेल्या दसऱ्यानंतर पाडकाम सुरू झालं. काका रोज समोरच्या सायकलच्या दुकानात खुर्ची टाकून बसायचे. बाल्कनी खाली आली त्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. धूळ खाली बसल्यावर ते म्हणाले, "बरा झाला. रिकामी असताना पडली." त्या दिवसापासून सव्वाबाराचा फोन करायला मी अधूनमधून विसरायला लागले. भीती संपली, असं मला वाटलं होतं. त्यानंतर दोन महिन्यांनी सकीनाभाभींचा तो फोन आला, आणि छप्पर कधीच उतरवून झालेलं असतानाही माझ्या तोंडून तोच जुना प्रश्न निघाला.

जलदानविधी झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी वरच्या खोलीत गेले. मशीन स्वच्छ होतं. भिंतीला लागून रिळांच्या पेट्यांचं मोठं कपाट होतं. नव्या बांधकामाच्या वेळी ते हलवावंच लागणार होतं, म्हणून दोन गवंड्यांना बोलावून मी ते पुढे ओढायला सांगितलं. कपाटामागे भिंतीत वरून खाली उतरलेली एक भेग होती. माझ्या तपासणीत ती मला दिसली नव्हती. जड कपाट हलवायला नको, समोरून भिंत छान दिसते, असं म्हणून मी पुढे गेले होते. आणि खोली ठणठणीत असल्याच्या अहवालावर माझी सही होती.

त्या भेगेवर आडवी, एकाखाली एक, जुनी तिकिटं चिकटवलेली होती. गुलाबी, पातळ कागदाची, 'चंद्रोदय'ची. कपाटाची मागची फळी सुटी होती, पेट्या बाजूला केल्या की तिथून काकांचा हात भिंतीपर्यंत पोचत असावा. प्रत्येकावर पेन्सिलने तारीख. भेग वाढते आहे का, हे बघायची ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. आम्ही काचेची पट्टी लावतो, भेग हलली की ती तडकते. काकांना ही कुणी शिकवली, मला माहीत नाही. आठ तिकिटं होती. सात मधोमध फाटलेली. पहिल्यावरची तारीख माझ्या तपासणीच्या कितीतरी आधीची होती.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. "मजबूत हाय, व्हय ना?" असं माझ्याकडे बघत विचारताना ठाऊक होतं. मी लांबून त्यांच्यासाठी घाबरत होते, तेव्हा ते इथे, एकटे, दर काही महिन्यांनी नवं तिकीट चिकटवून घाबरत होते. मला मुद्दाम सांगितलं नाही, की माझ्या नजरेला ते पडलंच असेल असं धरून चालले? मला कळणार नाही. अहवालात खरं लिही म्हणणारा माणूस एवढी एक भेग कपाटामागे ठेवून गेला, याचा राग येतो. आणि त्यांना शेवटी ही एक खोली तरी वाचायला हवी होती, हेही कळतं.

मी त्याच दिवशी शेठना आणि गावच्या संस्थेला लेखी कळवलं, माझी चूक म्हणून. खोलीखाली लोखंडी टेकू लावून घेतले, पायाशेजारची खोदाई थांबवली. पावसाळ्याआधी भेगेत आडव्या सळ्या बसवून भिंत शिवून घेता येईल असं वाटतं. खात्री नाही. तोवर दर रविवारी सकाळी मी एस.टी.ने गावाला जाते, सकीनाभाभींकडे चहा घेते आणि वरच्या खोलीत जाऊन भिंतीपाशी उकिडवी बसते. आठव्या तिकिटावर काका जाण्याच्या आदल्या दिवसाची तारीख आहे. अक्षर थोडं हललेलं, पण कडा चारही बाजूंनी नीट दाबलेल्या. परवा पाहिलं... अजून फाटलेलं नाही.