देवडीतून दिसलेलं घर

कादर गेला, हे आमच्या गाडीवानानं बैल सोडता सोडता सांगितलं. बीडला कचेरीची पाटी रंगवताना शिडीवरून पडला म्हणे. मी त्या बिचाऱ्या गाडीवानावरच खेकसलो. आदल्या गुरुवारीच हा माणूस नेकनूरला आमच्याकडे येऊन माझ्या पिकल्या मिशांची थट्टा करून गेला होता... महिना झाला, अजून डोकं ठिकाणावर नाही.

पाट्या रंगवून पोट भरणाऱ्या कादरला वेड होतं वलंदेजी, म्हणजे हॉलंडकडच्या जुन्या चित्रांचं. हैदराबादेहून त्यानं त्यांचं एक जाडजूड पुस्तक मिळवलं होतं. "यात राजा न्हाई, देव न्हाई, भाऊसाहेब. नुसतं घर हाय," म्हणायचा. फरशी झाडणारी मोलकरीण, पत्र वाचणारी मालकीण. धनी कोण, चाकर कोण, हे न सांगता कळायचं. ते बघून मलाही हुरूप आला. आमच्या आईचं असंच चित्र काढ, म्हणालो.

आठ दिवस तो दरवाजालगतच्या देवडीत बसून रंगवत होता. चित्र पुरं झालं आणि घरात गहजब उडाला. पुढे अंगणात भांडी घासणारी गंगू ही एवढी मोठी, आणि आमची आई पार आत, माजघराच्या दारात, वीतभर! आई दोन दिवस जेवली नाही. मी कादरला चांगलंच फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "मला जितं बसवलं, तितनं असंच दिसतंय." मी म्हटलं, ते काही नाही, गंगूला पूस. त्यानं मुकाट्यानं तिच्यावर तुळशीवृंदावन रंगवलं. गंगू तेव्हा तिथंच उभी होती.

परवा ते चित्र खाली उतरवून प्रथमच जवळून पाहिलं. कडेला, देवडीच्या कोनाड्यात, बोटाच्या पेराएवढी एक पालथी कपबशी. कान तुटलेली. ती कादरची. त्याला चहा तिच्यातच द्यायचा, आणि पिऊन झाल्यावर त्यानंच ती विसळून तिथं पालथी घालायची, ही आमच्या घरची रीत. गंगू सगळ्यांना खुपली. कपबशी कुणाच्या नजरेलाही आली नाही. वीस वर्षं मी त्याला जिवलग म्हणत होतो... माझी मलाच लाज वाटली.

तसाच उठून देवडीत गेलो. कोनाड्यात ती होतीच. घरात नेऊन आमच्या कपबशांत ठेवावी म्हणून उचलली, आणि खरं सांगतो, आधी मागे वळून पाहिलं, आई बघत नाही ना.