माठाखालची बरणी

आमच्या मोठेबाबांच्या घरी माठावरसुद्धा चिठ्ठी असे. ‘पाणी’, त्याखाली तारीख आणि तारखेखाली वेळ. मिठाच्या डब्यावर, लोणच्याच्या बरणीवर, दह्याच्या भांड्यावर, सगळीकडे तेच गोल, सावकाश अक्षर. माझ्या वडिलांचे हे थोरले भाऊ पवनीच्या एका शाळेत एकतीस वर्षं प्रयोगशाळेत परिचर होते. निरोपसमारंभात त्यांना शाल आणि घड्याळ मिळालं. त्यांनी स्वतः होऊन मागून घेतलं ते काठाला टवका उडालेलं काचेचं नरसाळं आणि गाळणकागदाचा अर्धा गठ्ठा. शाल पेटीत गेली. नरसाळं आसगावच्या घरी स्वयंपाकघराच्या फळीवर मधोमध बसलं, आणि त्याच्यावरही चिठ्ठी लागली : ‘नरसाळं’.

त्यांचं एक पालुपद होतं : “थांब, होऊन राहिलं.” दही विरजताना, लोणचं मुरताना, माझ्या परीक्षेचा निकाल लागायचा असताना, सगळ्याला हेच उत्तर. पण ते म्हणण्यात शांतपणा मुळीच नसे. हात चोळत, भांड्याभोवती फेऱ्या मारत, चवड्यांवर उंच होत ते म्हणत. दुसऱ्यांना थांब म्हणणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र घडीभर बसवत नसे. दह्याला काय होत असतं, हे मला शाळेच्या पुस्तकातून कळलं. दही लागतंय याचा आनंद होऊ शकतो, हे त्यांच्याकडे पाहून कळलं.

आमच्या भागात घरोघरी चहा. या घरात मात्र दुपारी चारला कॉफी. शाळेतले विज्ञानाचे सर कर्नाटकातले होते, ते प्रयोगशाळेतच कॉफी करत. त्यांच्याकडून मोठेबाबांना सवय लागली आणि मोठेबाबांकडून त्यांच्या बायकोला, माझ्या मोठ्या आईला. चाळीस वर्षं, आधी सुटीच्या दिवशी आणि निवृत्तीनंतर रोज, दोघं चार वाजता घरासमोरच्या छपराखाली, छपरीत बसत. मोठी आई एरवी फार बोलायची नाही. पण कप हातात आला की गावातल्या कोणाचीही खैर नसे, मोठेबाबांची तर नसेच.

तीन वर्षांपूर्वी नागपूरला मोठ्या आईच्या तोंडाचं ऑपरेशन झालं, मग किरणांचे शेक दिले. घरी आली ती थंड केलेल्या पेजेवर. डॉक्टरांनी सांगितलं होतं : गरम नको, झोंबणारं नको, बाकी घोट घोट चालेल. पहिल्या दिवशी चार वाजता मोठेबाबांनी कॉफी निववून दिली. एका घोटात तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी बर्फ घातला, तर जबड्यात कळ गेली. तिसऱ्या दिवशी ती छपरीत आलीच नाही. त्यानंतर बोलणंही थांबलं.

मी भंडाऱ्याला एका ग्रंथालयात काम करते. मोठेबाबांचा फोन तिथे आला. आवाज नेहमीचा नव्हता. “चार वाजता बाहेर येतच नाही तुझी मोठी आई. तू एवढी पुस्तकं वाचतं, बाई. तिले झोंबणार नाही अशी कॉफी कशी करावं, सांग मले.”

मी शोधलं. थंड पाण्यात रात्रभर भिजवलेली कॉफी, जिला विस्तव दाखवायचाच नाही. ती कडू कमी होते, झोंबतही कमी. फोन करून एवढंच सांगितलं होतं, तोच त्यांनी मला अडवलं.

“म्हणजे गॅसवर ठेवायचीच नाई?”

नाही, म्हटलं.

“मंग हे तं धानासारखं झालं,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. पुढचं ऐकायला ते थांबलेच नाहीत.

रविवारी एसटीने आसगावला पोचले, तर अंगणापासूनच आंबूस वास. पहिला प्रयत्न त्यांनी मिक्सरवर दळलेल्या पुडीचा केला होता. त्याचा चिखल झाला, गाळणकागद फाटला. दुसरा मात्र खास आमच्याकडचा. धानाचं बियाणं पेरायच्या आधी पोत्यात बांधून भिजवतात, मग उपसून तणसाखाली, म्हणजे भाताच्या पेंढ्याखाली दडपून ठेवतात. ऊब धरली की मोड येतात. मोठेबाबांनी जन्मभर पाहिलेलं भिजवणं ते हेच. त्यांनी कॉफी धोतराच्या फडक्यात बांधली, रात्रभर भिजवली, सकाळी त्या पाण्यासकट पितळी गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, घालून गोठ्यात नेली आणि तणसाखाली दडपली. वर दगडही ठेवला. मे महिना. दुपारपर्यंत गंज फसफसला.

“आतलं बाहेर याले ऊब लागतेच ना?” ते मला विचारत होते. चेहरा इतका प्रामाणिक की मला हसायची लाज वाटली.

हसली ती मोठी आई. आतल्या खोलीतून, पाच-सहा आठवड्यांत पहिल्यांदा, अडखळत्या जिभेने बोलली. “अजी, शाळेत बेडकं मारले, आता कॉफी मारली.”

मोठेबाबा अंगणात जागच्या जागी उभे राहिले. मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, “बोलली. म्हणजे प्रयोग अगदीच वाया नाई गेला.”

त्या दिवशीची त्यांची धांदल मी विसरणार नाही. उन्हात सायकल काढून शेजारच्या गावातून एक रुंद तोंडाची काचेची बरणी आणली. मिक्सर कपाटात गेला आणि डाळ भरडायचं जातं बाहेर आलं. बिया त्यात घालून त्यांनी दोनच फेरे दिले, चिमटीत भरड घेऊन उजेडात धरली, पुन्हा अर्धा फेरा दिला. “गव्हाच्या दलियासारखी पाहिजे,” असं मी वाचलेलं सांगितलं, तर म्हणाले, दलिया मले नको शिकवू. एक वाटी भरड, पाच वाट्या पाणी. आता बरणी ठेवायची कुठे? फ्रिजमधलं तिला सोसणार नव्हतं. गोठ्याकडे बघायची त्यांची हिंमत नव्हती. ते घरभर फिरले आणि माठापाशी थांबले. माठ ज्या वाळूवर बसतो, ती वाळू सदा ओली, सदा गार. त्यांनी ती कोपरापर्यंत हात घालून उकरली आणि बरणी गळ्यापर्यंत पुरली. चिठ्ठी लावली. त्यावर कॉफी हा शब्दच नव्हता. ‘होऊन राहिलं. उद्या ९ वा.’

मी सोमवारी रजा टाकली. खरं तर सांगण्यासारखं कारण नव्हतं.

सकाळी नऊला नरसाळं निघालं. मोठेबाबांनी गाळणकागदाची चौघडी घातली, एक पदर उघडला, पाण्याचा थेंब लावून काचेला चिकटवला. शाळेत हजारदा केलेलं काम, तरी कागद एकदा काढून पुन्हा लावला. तपकिरी थेंब पडू लागला. स्वच्छ, आरपार दिसणारा. त्यांनी मला कोपराने ढोसलं. तासभर आम्ही दोघं त्या थेंबांसमोर उकिडवे बसून होतो, क्रिकेटचा सामना बघावा तसे. मी दोनदा ढवळायला हात पुढे केला आणि दोनदा ऐकून घेतलं.

चार वाजता त्यांनी अर्धा कप कॉफी, माठाचं पाणी, थोडं दूध, थोडी साखर असं केलं. मोठ्या आईला हाक मारली नाही. कप छपरीत तिच्या जागेवर ठेवला आणि स्वतः समोर पेपर उघडून बसले. पेपर उलटा होता. बऱ्याच वेळाने ती आली. कप उचलला, नाकाशी नेला, एक लहान घोट तोंडात धरला. पेपर हलायचा थांबला.

तिने दुसरा घोट घेतला. मग तिसरा. कप रिकामा करून पुढे केला आणि म्हणाली, “पेपर सुलटा करा, अन् थोडी अजून द्या.”

मोठेबाबा उठून थेट आत गेले. मला वाटलं कॉफी आणायला. पाहते तर फळीपाशी उभ्याने वहीत लिहीत होते. शाळेसारखेच रकाने पाडले होते : साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. अनुमानाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘तिने अजून मागितली.’ मग चष्मा काढून त्यांनी तो बराच वेळ सदऱ्याला पुसला.

त्यानंतर अडीच वर्षं त्या वाळूत बरणी नव्हती असा दिवस गेला नाही. मोठ्या आईच्या तोंडाला चव आली आणि जिभेला धारही. छपरीतून गावाची उलटतपासणी पुन्हा सुरू झाली. मोठेबाबा येईल त्याला बरणी दाखवत. मी गेले की माझ्या पेल्यात बर्फ घालत आणि मी पहिला घोट घेईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहत.

गेल्या हिवाळ्यात ते दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत.

मी तीनला पोचले. घर माणसांनी भरलेलं होतं. उशाशी मेणबत्ती लावली होती. मोठी आई पांढऱ्या लुगड्यात भिंतीला टेकून बसली होती, रडत नव्हती. नागपूरची मंडळी यायची होती, म्हणून सगळे थांबले होते. ती एकदम घड्याळाकडे पाहून मला म्हणाली, “चार वाजले. जा, गाळून घे.”

शेजारच्या बाईंना वाटलं, दुःखाने तिचं भान गेलं. त्यांनी तिचा हात धरला. तिने तो सोडवला. “त्यांनी रात्री उशिरा भिजवून चारची चिठ्ठी लावली हाये. जास्त राहिली तर खराब होते. त्यांची एकही खराब होऊ नाई देली म्या.”

मी स्वयंपाकघरात गेले. वाळू उकरली, बरणी काढली, कागदाची चौघडी घातली, थेंब लावून चिकटवला. बाहेर माणसांचा आवाज होता, आत फक्त ठिबकणं. माझ्या हाताला घाई झाली होती. मी ढवळलं नाही.

आता मी दर शनिवारी आसगावला जाते. जातं मी फिरवते, वाळू मी उकरते, आणि रविवारी चारच्या आधी मलाही बसवत नाही. नरसाळ्याभोवती फेऱ्या सुरू होतात. वही मोठी आई भरते. तिचं अक्षर तिरकं आहे, रकान्याबाहेर जातं. गेल्या रविवारचं अनुमान मी परत निघताना वाचलं : ‘बरी झाली. त्यांच्यासारखी नाही. पुढच्या शनिवारी लवकर ये.’