खोकला माझा होता

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. आज दवाखान्यात हातावर सॅनिटायझर घेतलं आणि त्या वासानं कोरोनातली उमरेड-नागपूर बस आठवली. एकाआड एक सीटवर फुल्या मारलेल्या, सगळ्यांची तोंडं मास्कमध्ये. माझा लहानपणचा मित्र पुढच्या सीटवर होता. त्याची बायको नागपूरला दवाखान्यात अत्यवस्थ होती, म्हणून त्यानं मला सोबत घेतलं होतं. मला खोकल्याची उबळ आली. मास्कमुळे कोण खोकललं ते कळलं नाही. "कोन खोकून राहिलं? उतरा खाली!" कंडक्टर ओरडला. मलाच तपासायला नेतील या भीतीनं मी मित्राकडे बोट दाखवलं. "मी नाही जी! सांग न गा याले," तो मला म्हणाला. मी खिडकीबाहेर बघत बसलो. त्याला मधल्या फाट्यावर उतरवलं. दुसरी बस नव्हती. तो पायी पोचला तोवर बायको गेली होती. त्यानं मला कधी जाब विचारला नाही, फक्त माझ्या ओट्यावर बसणं सोडलं. मागच्या महिन्यात तोही गेला. खांदा देताना "खोकललो मी होतो, माफ कर गा," एवढं ओठांपर्यंत आलं होतं, पण आजूबाजूला माणसं होती.