खिशातून आलेला पाणघोडा

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५. सकाळी गारठा. सुरमई परवडेना, बांगडे घेतले. नात आयातचा ताप उतरला. दुपारी माझा लाकडी पाणघोडा पिशवीत घालून राजिवड्याला हमिदाभाभीकडे.

हमिदाभाभी माझी थोरली जाऊ. आम्ही एकाच कॉन्व्हेंटात शिकलो, ती माझ्या पुढे, आणि पुढेच राहिली. आमच्या घरची रीत अशी, की बोटीवरून आलेल्या माणसाची ट्रंक सासूबाईंसमोर उघडायची आणि थोरल्या सुनेने आधी हात घालायचा. माझे पती मुसा बोटीवर कामाला होते, मोंबासाहून कोरलेली लाकडी जनावरं आणत. सिंह तिचा, गेंडा तिचा, जिराफांची जोडी तिची. मला साबण आणि टॉवेल उरत.

तिच्या काचेच्या कपाटात आज अख्खं जंगल उभं आहे. त्यावरच तिची नजर तयार झाली, हे मान्य करते. परदेशातून आलेलं असं जनावर घरात असलं की लोक ते तिच्याकडे नेतात. ती ते तळव्यावर तोलते, भिंगातून पोटाखालची रेघ शोधते. रेघ दिसली तर साच्यात ओतलेलं. मग दोन्ही कान बघते. हाताने कोरलेले कान कधी सारखे येत नाहीत म्हणे. शेवटी किंमत सांगते, आणि लोक तिचा चहा पिऊन तिचंच कौतुक करत बाहेर पडतात. मला ते ऐकवत नाही.

पाणघोडा मात्र त्या ट्रंकेत कधीच नव्हता. मुसांनी तो पँटच्या खिशातून आणला आणि खोलीचं दार लावून माझ्या हातात दिला. म्हणाले, "आबनूस आहे, काळं लाकूड. ईदला बूटपॉलिश लावत जा. आणि भाभीला दाखवू नको."

नाही दाखवला. पण आता मुसा नाहीत, मीही थकले. तुझा पाणघोडा माझ्या सगळ्या कपाटाहून भारी, हे एकदा तिच्याच तोंडून ऐकायचं होतं.

"काय गो, पिशवीत काय लपवलंस?"

"तुम्हीच बघा, भाभी."

तिने तोलला आणि हसली. "आबनूस म्हणून आणलास होय? आबनूस हाताला जड लागतो. हा तर मुंगीसुद्धा ओढून नेईल." कापसावर स्पिरिट घेऊन तिने त्याचं पोट पुसलं. कापूस काळा झाला. खाली पिवळट लाकूड निघालं आणि एक गोल भोक. "हे खिळ्याचं. खोक्याची फळी आहे ही, गो. बाजारात ह्याला कोण विचारणार?"

माझे कान तापले. "द्या इकडे."

"थांब जरा." तिने भिंग जवळ नेलं. "सुरी उलट्या बाजूने चाललीये. सगळे काप डाव्या हाताचे. मुसा डावखुरा होता ना?"

मी मान डोलावली.

"मग हा विकतचा नाही. बोटीवर बसून त्यानेच कोरलाय."

आनंद झाला. खोटं कशाला लिहू? पण माझ्या नवऱ्याने माझ्यासाठी काय केलं, ते मला हिने सांगावं? इतकी वर्षं मी त्याला पॉलिश चोळत बसले, आणि हिने पहिल्यांदा हातात घेतला तर मुसांची सुरी ओळखली.

भाभी पाणघोडा खाली ठेवत नव्हती. अंगठ्याने त्याचा मोठा कान चाचपत होती. "आमच्यांनी मला कधी पेन्सिलला टोकसुद्धा काढून दिलं नाही," ती म्हणाली. मग एकदम, "गेंडा घेऊन जा माझा. खरा आबनूस आहे. हा मला दे."

"बाजारात कोण विचारणार म्हणालात ना?"

"मी विचारतेय ना. जिराफपण घे, जोडीने."

"ह्यात थोरल्या सुनेचा हात नाही, भाभी."

तिच्या बोटांतून मला तो सोडवून घ्यावा लागला. चहा न घेताच निघाले. रिक्षात बसल्यावरही तिचं ते चाचपणं डोळ्यांपुढून जाईना.

संध्याकाळी: पाणघोडा माझ्या कपाटात परत ठेवला आणि कपाटाचं कुलूप बदललं. जुनं कोंबड्यांच्या खुराड्याला लावलं.