कापूस गेल्यावरचं गाणं

घरी रेकॉर्डिंग करायचं म्हटलं की लोक आधी भिंतीला लावायचा फोम दाखवतात. मला काय करायचा फोम? आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावकडच्या घरात मधली खोली दिवाळीपासून कापसानं भरलेली असते, भाव येईपर्यंत. आढ्याला टेकलेला कापूस आणि दारापाशी दोघी बसतील एवढी जागा. तिथं टाळी वाजवली की नुसती टाळी ऐकू येते, मागून भिंत बोलत नाही. वाशीमच्या स्टुडिओवाल्याला हे सांगितलं तर तो हसला. हस म्हटलं बाबा.

त्याच्याकडे मी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, एकदा घेऊन गेले होते. कापूस वेचताना बायका म्हणायच्या असं त्यांच्या माहेरचं एक गाणं आहे. आता ते पुरं फक्त त्यांनाच येतं. त्यांच्या गळ्यात गाठ निघाली होती आणि ऑपरेशननंतर आवाज राहील की नाही, हे डॉक्टरही छातीठोक सांगत नव्हते. अशा बाईला हा शहाणा शिकवत बसला, 'मले' नको, 'मला' म्हणा. माझं डोकंच फिरलं. आत्याबाईंचा हात धरला आणि तडक घरी आणलं.

मग त्याच्या नाकावर टिच्चून माईक विकत घेतला. लॅपटॉप होताच. बाकीचं चुकत चुकत शिकले. माईक तोंडासमोर धरला तर 'प' आणि 'फ' धाडकन आदळतात, म्हणून तो वीतभर लांब आणि जरा गालाच्या बाजूला ठेवायचा. आवाज बारीक येतो म्हणून माईकची पातळी चढवत बसायचं नाही. बारीक आवाज मागून वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. पंखा बंद, फ्रिज बंद. आणि सगळ्यात चांगली वेळ म्हणजे लाइट जाते ती. शिवारातले पंप गप्प, शेजारचा टीव्ही गप्प, लॅपटॉप बॅटरीवर. लाइट गेली की गाव शिव्या घालायचं आणि मी आत्याबाईंना हाक मारायची.

असं अर्धं गाणं झालं. पण साठवलेल्या कापसात किडे होतात, अंगाला खाज सुटते, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. आत्याबाईंना खाज सुटली, वरून खोकला. वाशीमच्या डॉक्टरांनी बजावलं, ऑपरेशनच्या तोंडावर हा खोकला परवडणार नाही, कापूस आजच हलवा. मी तिथूनच मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, फोन केला. आम्ही घरी पोचलो तर ट्रॅक्टर भरून माल गेलेला, खोली झाडून लख्ख. बायकोसाठी त्या माणसानं भावाची वाट पाहिली नाही. त्यांना काय बोलणार? मी दारात उभं राहून टाळी वाजवली.

खोली विहिरीसारखी घुमत होती. गाद्या उभ्या केल्या, गोधड्या टांगल्या, आत्याबाईंच्या पाठीमागं रजई धरून उभी राहिले. थोडा फरक पडला, पण कापूस तो कापूसच. पहिल्या कडव्यांत त्या कानाशी बसल्यासारख्या वाटत होत्या, पुढच्या कडव्यांत पार पलीकडच्या खोलीतून. पहिली पुन्हा घ्यावीत तर त्यांचा दम टिकेना. उरलेली कशीबशी झाली आणि त्याच आठवड्यात नागपूरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. नुसती कुजबुज उरली.

मी दोन तुकडे जुळवायला बसले. दुसऱ्यातला घुमारा कापला तर आवाजच पातळ झाला. मग पहिल्यावर खोटा घुमारा चढवला. स्वच्छ आवाजावर हातानं धूळ टाकत होते मी, लाज वाटली. शेवटी नाक मुठीत धरून स्टुडिओवाल्याला फोन केला. तो म्हणाला, सोपं आहे वहिनी, कापसातला आवाज नमुन्याला द्या, कॉम्प्युटर त्याच आवाजात उरलेली कडवी गाऊन देतो, घुमारा नाही की खोकला नाही. मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण विचारलं, त्यात आमच्या आत्याबाई कुठं असतील? तो म्हणाला, ऐकणाऱ्याला काय समजते? मी फोन ठेवून दिला.

गाण्याआधी नुसती खोलीची शांतता रेकॉर्ड करून ठेवावी, जोड लपवायला कामी येते. मी ती दोन तुकड्यांच्या मधोमध उघडी ठेवली, आधी कापसाची, मग रिकाम्या खोलीची. मोबाइलवर ऐकलं, ट्रॅक्टरच्या स्पीकरवर ऐकलं. जोड ठळक कळत होती. कळू दे, म्हटलं.

मग फोन आत्याबाईंच्या हातात दिला. त्या खाली मान घालून ऐकत होत्या. घुमारा सुरू झाला तसं त्यांनी मधल्या खोलीकडे बोट केलं. माझा धीर सुटला. म्हटलं, त्या स्टुडिओवाल्याकडून एकसारखं करून आणू का?

त्यांनी मला जवळ ओढलं.

"इथून कापूस गेला न? पन मीच हाओ ना थे. दुसऱ्या कोनाले कायले गायाले लावतं?"

गाणं त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावलं. त्यांचे ओठ हलत होते आणि आवाज फोनमधून येत होता. एका ओळीवर त्यांनी गाणं थांबवलं, मला कोपर मारलं आणि कुजबुजल्या, "म्हन."

फ्रिज चालू होता, पंखा चालू होता, शिवारात पंप चालू होते. मी म्हणायला लागले, 'मले'-'तुले'सकट.