न आलेल्या पिक्चरची चाल

आमच्या भागात बँड मास्तर व्हायचं म्हणजे वाजवता येणं ही शेवटची अट. लग्नसराई सुरू होते तेव्हा शिरूर कासारकडची माझी निम्मी माणसं ऊसतोडीला गेलेली असतात, त्यामुळे तेच गाणं दरसाल नव्यानं बसवावं लागतं. क्लॅरनेटवाला कारखान्यावर असला की त्याचे सूर ट्रंपेटला द्यायचे, ट्रंपेटवाल्याचा दम पुरेना की बेंजोला. वीस वर्षं मी हेच करतोय आणि बायकोला अजून वाटतं, मी नुसता टोपी घालून पुढं चालतो.

या वीस वर्षांत माझ्या स्वतःच्याही काही चाली झाल्या. पण परण्याला, म्हणजे नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघतो तेव्हा, फर्माइश होते ती सिनेमाच्या गाण्यांची. एकदा तलवाड्यात मी हिय्या करून माझी चाल सुरू केली आणि सांगितलं, ही आमची आहे. नाचणारे जागीच थांबले. नवरदेवाचा मामा शांतपणे म्हणाला, "मास्तर, घरचं घरी वाजवा." लई जिव्हारी लागलं.

पुढच्या लग्नात तीच चाल वाजवली आणि कोणी विचारायच्या आत सांगून टाकलं, नव्या पिक्चरचं गाणं आहे, पिक्चर अजून इकडं आलेला नाही. मग काय, मारुतीपर्यंत पोचायला दोन तास लागले. घोडासुद्धा कंटाळला. तेव्हापासून जाईन तिथं त्याच गाण्याची फर्माइश. मी खूश होतो आणि आतून जळतही होतो. खरं सांगावं तर चाल पडणार, न सांगावं तर ती माझी आहे हे कोणालाच कळणार नाही.

यंदा दिंद्रुडला एका लग्नाला पाहुणा म्हणून गेलो. तिथला बँड माझीच चाल वाजवत होता आणि मधला चढ चुकवत होता. मला राहवेना. जेवणं झाल्यावर मंडपामागं चहा पीत बसलेल्या त्यांच्या मास्तरला गाठलं, चढ गुणगुणून दाखवला आणि मनाचा हिय्या करून सांगितलं की चाल माझी आहे, पिक्चरबिक्चर काही नाही.

त्याला माझी कीव आली असावी. त्यानं बशी खाली ठेवली.

"मास्तर, तुमी वयानं मोठे हायत, पण असं बोलू नका," तो म्हणाला. "म्या सोता दोनदा बघितलाय तो पिक्चर."